पोहे फुकट, बिल माहुलला

विमानतळावरच्या लाउंजमध्ये मला मजा येते, हे आधीच सांगून टाकतो. लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लासच्या खुर्चीवर पाय पसरून झोपायलाही आवडतं. ज्याला आवडत नाही त्याने एकदा डॉक्टरला दाखवावं. साधी राहणी शिकवणारा लेख ज्यांना हवा असेल त्यांनी दिवाळी अंकांची वाट पाहावी. दर वर्षी कोणी ना कोणी स्वित्झर्लंडहून परत येऊन साधेपणावर लिहितोच. माझा राग आहे तो या सुखाच्या दोन खोट्या पावत्यांवर. एका पावतीवर लिहिलेलं असतं 'फुकट'. दुसरीवर 'स्वकष्टार्जित'.

मी ट्रॉम्ब्याचा. बाहेरच्या माणसाला ट्रॉम्बे म्हटलं की अणुभट्टी आठवते आणि तो आदराने गप्प होतो. पण आमच्या अवतीभवती आणखी बरंच काही आहे: टाटांचं वीज केंद्र, खत कारखाना आणि माहुलच्या दोन रिफायनऱ्या, भारत पेट्रोलियमची आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची. पन्नासच्या दशकात त्या बर्मा-शेल आणि स्टॅनव्हॅकच्या नावाने उभ्या राहिल्या, सत्तरच्या दशकात सरकारच्या झाल्या. मुंबई विमानतळावरच्या विमानांत जे इंधन भरतात, ते या रिफायनऱ्यांतून जमिनीखालच्या नळाने सांताक्रूझला जातं. नळ आमच्याकडून निघतो. त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला जी चंगळ चालते तिच्याबद्दल बोलायचा हक्क म्हणूनच मी जरा जास्त गाजवणार आहे.

लाउंजपासून सुरुवात करू. टी-2 च्या लाउंजबाहेर सकाळी जी रांग लागते ती पाहून परगावच्या माणसाला वाटेल, आत दर्शन आहे. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक कार्ड. ते मशीनमध्ये घातलं की दोन रुपये कापले जातात आणि माणूस संस्थानिक होतो. आत बसायला जागा नसते. लोक एका हातात बशी धरून उभ्याउभ्या पोहे, इडली, मिनी वडापाव आणि पास्ता एकदम खातात. बाहेर गेटपाशी खुर्च्या रिकाम्या पडलेल्या असतात, पण तिथे बसणं म्हणजे कार्ड नसल्याची कबुली. बाहेर भिंतींवर राजीव सेठींच्या देखरेखीखाली मांडलेल्या देशभरच्या हजारो कलावस्तू आहेत. त्या बघायला वेळ कुणाला? पोह्यांवरचं लिंबू संपत आलेलं असतं.

गेल्या खेपेला मागच्या टेबलावरचा संवाद कानावर पडला. दोघंही साठीच्या आसपासचे, चेहऱ्यावरून बँकेतून निवृत्त झालेले.

"काय हो, तुम्हाला तिमाहीत किती मिळतात?"

"दोन. मिसेसच्या कार्डावर आणखी दोन."

"आमच्या बँकेने आता अट घातलीय. आधीच्या तीन महिन्यांत अमुक एवढा खर्च केला असेल तरच आत सोडणार."

"अरेच्चा! मग?"

"मग काय, फ्रिज घेतला."

हसू नका. या गृहस्थांनी फुकट पोह्यांसाठी फ्रिज घेतला आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही, इतकी ही विद्या आपल्या अंगात मुरली आहे.

आता त्या पोह्यांचे पैसे कोण देतं ते बघा. बँक देते, असं आपण समजतो. बँक कधी कोणाला पोहे देते का? तुम्ही चेंबूर स्टेशनसमोरच्या केमिस्टकडे क्रेडिट कार्ड फिरवता, तेव्हा त्याच्या रकमेतून दीड-दोन टक्के कापले जातात. तो ते दुकानाच्या भावात मिसळतो. त्याच दुकानात रोख पैसे देऊन तापाची गोळी घेणारी ट्रॉम्ब्याच्या चीता कँप वस्तीतली बाई तोच भाव देते. तिच्याकडे कार्ड नाही, विमानात ती बसलेली नाही; तरी तुमच्या वडापावातल्या चिमूटभर तिखटाचा खर्च तिने उचललेला असतो. उरलेला उचलतो तो कार्डाचं पूर्ण बिल न भरता 'किमान देय रक्कम' भरणारा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज देणारा हा तरुण बहुधा कुठल्या तरी कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत असतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची आपली जुनी खोड. लाउंजमध्ये फक्त एसी लावून दिला आहे.

ही झाली 'फुकट' पावती. 'स्वकष्टार्जित' पावती विमानाच्या आत मिळते.

मला जेव्हा लंडनपर्यंत बिझनेस क्लासचं भाग्य लाभलं, तेव्हा तिकीट माझ्या पैशाचं नव्हतं. काम देणाऱ्यांनी काढलं होतं. गरम टॉवेल आला, फेसाळतं काही तरी आलं, एक मुलगी खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून माझं आडनाव बरोबर उच्चारत जेवणाचं विचारून गेली. माझं आडनाव इतक्या मायेने माझ्या सख्ख्या मेव्हण्यानेही कधी घेतलेलं नाही. नंतर पडदा ओढला गेला. पडद्यापलीकडे तान्ही मुलं रडत होती; अलीकडे पलंगाची गादी अंथरली जात होती. सुख होतं, यात वादच नाही. शेजारी पुण्याचे एक उद्योगी गृहस्थ होते. म्हणाले, "तीस वर्षं ढोरमेहनत केलीय हो. आता हे आपण कमावलंय." मी विचारलं, "तिकीट कंपनीचं का?" म्हणाले, "अर्थात! स्वतःच्या पैशाने कोण काढतं?"

त्या 'अर्थात'वर मी रात्रभर जागा राहिलो असतो, पण खुर्ची फार चांगली होती.

हिशेब सोपा आहे. बिझनेस क्लासच्या तिकिटावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेला. बड्या लोकांवर कर बसला म्हणून टाळ्या पडल्या. पण कामाच्या प्रवासावर भरलेला हा कर बहुतेक कंपन्या आपल्या देण्यातून वळता करून घेतात. उरलेलं भाडं खर्च म्हणून दाखवलं की नफा तेवढा कमी दिसतो आणि कंपनीचा आयकर वाचतो. पंचवीस टक्क्यांच्या आसपासच्या दराने दोन-तीन लाखांच्या तिकिटाचा साधारण चौथा हिस्सा सरकारी तिजोरीतून आला असं म्हणायला हरकत नाही. म्हणजे शेजारच्या गृहस्थांची गादी थोडी कंपनीने, थोडी तुम्ही-आम्ही अंथरली होती. कष्ट त्यांनी केले असतीलच. कष्ट तर पडद्यामागे तान्हं बाळ मांडीवर घेऊन दहा तास बसलेल्या बाईनेही केले. तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुम्ही हे कमावलंय का.

या 'कमावलंय'चं टोक आपण महाराष्ट्राने देशाला दाखवलेलं आहे. 23 मार्च 2017. उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला निघाले. हातात बिझनेस क्लासचं तिकीट, आणि विमान सगळंच इकॉनॉमीचं. दिल्लीला उतरल्यावर ते खुर्चीवरून उठेनात. समजूत घालायला आलेल्या एअर इंडियाच्या वयस्क अधिकाऱ्याला त्यांनी चपलेने मारलं, आणि वर स्वतःच कॅमेऱ्यापुढे सांगितलं की पंचवीस वेळा मारलं. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली, ती पंधरवडाभर टिकली. दोन तासांच्या प्रवासात माणसाचं काय गेलं होतं? पाय लांब करायला थोडी जागा. पण त्याला वाटलं इज्जत गेली. दुष्काळी जिल्ह्याचा खासदार कुठल्या प्रश्नावर एवढा पेटून उठला, हे इतिहासात नोंदलं जाईल. त्याआधी 2009 मध्ये शशी थरूर यांनी एका पत्रकाराला उत्तर देताना इकॉनॉमीसाठी 'कॅटल क्लास' हा शब्द वापरला तेव्हा केवढा गहजब झाला होता! थरूर निदान विनोद करत होते.

जाता जाता एअर इंडियाच्या महाराजाबद्दल. 1946 मध्ये कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो मुंबईतच जन्माला घातला. नीट बघा, तो वाकलेला आहे. तो यजमान आहे, सेवक आहे. आपण प्रवाशांनी मात्र तो स्वतःचाच फोटो समजून छाती फुगवली.

इथवर पैशाचं झालं. आता धुराकडे येतो, कारण आम्ही ट्रॉम्बेकर त्यातले जाणकार.

एअर इंडियाच्या नव्या ए-350 विमानात मागे एका रांगेत नऊ माणसं बसतात, पुढे बिझनेसच्या रांगेत चार. शिवाय आडवं व्हायचं तर प्रत्येकाला पलंगाएवढी लांबी लागते. इंजिन जाळतं ते इंधन विमानातल्या प्रत्येक चौरस फुटासाठी. जो जास्त फूट अडवतो त्याच्या नावावर जास्त धूर. जागतिक बँकेच्या 2013 च्या अभ्यासाने बिझनेस क्लासच्या प्रवाशाचा कार्बनचा वाटा इकॉनॉमीवाल्याच्या सुमारे तिप्पट धरला. विमान कंपन्या यावर सांगतात की पुढचे भरपूर पैसे देतात म्हणून मागचं तिकीट स्वस्त पडतं. पडत असेल. पण तिकीट स्वस्त झाल्याने धूर स्वस्त होत नाही, आणि पुढच्यांचे पैसे कोणाचे, हे वर पाहिलंच.

वरचा धूर आकाशात जातो, खालचा माहुलमध्ये राहतो. माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. केईएम रुग्णालयाच्या सर्वेक्षणात तिथल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी वारंवार धाप लागत असल्याचं सांगितलं होतं. डिसेंबर 2015 मध्ये लवादाने मान्य केलं की इथल्या हवेने रहिवाशांच्या प्रकृतीला धोका आहे. ऑगस्ट 2020 मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटींची भरपाई ठोठावली. त्यात हिंदुस्तान पेट्रोलियमचे 76.5 कोटी आणि भारत पेट्रोलियमचे 67.5 कोटी होते. मधल्या काळात शहाण्या सरकारने काय करावं? तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून ती कुटुंबं त्याच माहुलमध्ये आणून टाकावीत! तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी 72 इमारती आणि 17,205 घरं तयार होती. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांना तिथे पाठवू नका, दुसरीकडे घर द्या, नाही तर महिना 15,000 रुपये भाडं द्या. पुढे महापालिकेने त्यातली घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तर घ्यायला फारसं कोणी फिरकलं नाही. पालिकेच्या कारकुनालाही हवा कळते.

कोणी कुठे बसायचं हे आमच्याकडे नेहमी वरूनच ठरतं. मे 1976 मध्ये, आणीबाणीत, अणुकेंद्राला जागा हवी म्हणून मानखुर्दची जनता कॉलनी पाडली आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसं चीता कँपच्या खाजणात नेऊन सोडली. बोर्डिंग पास कोणी दिला नव्हता.

मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने मुंबई, पुणे आणि रायगडात विमानाच्या इंधनावरचा व्हॅट 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला. विमान कंपन्यांना दिलासा मिळाला. इंधन जिथे शिजतं तिथल्या माणसाच्या फुप्फुसाला दिलासा मिळेल असं कलम कुठल्या अर्थसंकल्पात असतं, ते मी शोधतो आहे. छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेसाठी देशातल्या विमानफेऱ्यांवर अधिभार लागतो, तोही शेवटी प्रवाशाच्याच खिशातून जातो. आंतरराष्ट्रीय विमानांना तो नाही. नागपूरला आजारी आईला भेटायला जाणारा भरतो, लंडनला आडवा होऊन जाणारा भरत नाही.

आणि हे जगात कुठेच जमत नाही असं कोणी सांगू नये. फ्रान्स 2006 पासून विमान तिकिटांवर एकोप्याचा कर घेतो, बिझनेसवाल्याकडून जास्त. मार्च 2025 पासून लांब पल्ल्याच्या बिझनेस तिकिटामागे 120 युरो, इकॉनॉमीमागे 40. ब्रिटनमध्येही स्वस्तातला वर्ग सोडून वर बसणाऱ्याला प्रवासी कर जास्त पडतो. जून-जुलै 2025 मध्ये स्पेनमधल्या सेव्हिया इथे फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस अशा आठ देशांनी वरच्या वर्गातल्या विमानप्रवाशांवर असा कर लावण्यासाठी आघाडी जाहीर केली. त्यात सोमालिया आहे. सोमालियाला जे सुचतं ते दिल्लीला सुचू नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुंबईहून परदेशी निघणाऱ्या प्रत्येक बिझनेस आणि फर्स्ट क्लास तिकिटावर ठोक पाच हजार रुपये लावा. जीएसटीसारखे वळते करून घेता येणार नाहीत, कंपनीच्या खर्चात दाखवता येणार नाहीत असे. माणसाने स्वतःच्या खिशातून भरायचे. तो पैसा दिल्लीच्या मोठ्या हौदात न ओतता माहुल-ट्रॉम्ब्याच्या नावाने वेगळा ठेवा: हवा मोजणारी यंत्रं, छातीच्या रोगांचा दवाखाना आणि जी कुटुंबं अजून त्या इमारतींत अडकली आहेत त्यांची दुसरीकडे सोय. नवी मुंबईला दुसरा विमानतळ झाला तरी मागणी बदलत नाही.

याला विरोध करणाऱ्या वाचकांनी मला जरूर लिहावं. फक्त पत्राच्या पहिल्याच ओळीत एवढं सांगावं, की बिझनेस क्लासचं गेल्या वेळचं तिकीट तुम्ही कोणाच्या पैशाने काढलं होतं.