नख हट्टी की निदान घाईचे?

एकलहरे परिसरात आमच्याकडे पायाच्या नखांची तक्रार घेऊन येणारे रुग्ण मुख्यत्वे दोन प्रकारचे. एक औष्णिक वीज केंद्रातील कामगार, दिवसभर जाड बुटांत पाय कोंडलेला. दुसरा गोदाकाठचा शेतकरी, ज्याचे पाय सदैव ओलाव्यात. दोघांच्याही अंगठ्याचे नख पिवळे, जाड व ठिसूळ झालेले असते आणि गाऱ्हाणेही एकच असते : "डॉक्टर, सगळी औषधे झाली, गुण नाही." अशा वेळी 'बुरशी औषधाला दाद देईनाशी झाली' असे सांगून मोकळे होण्याची सवय आपणांस जडू पाहत आहे. आमच्या मते, हे विधान करण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे.

प्रतिकार खोटा नाही. टर्बिनाफिन हे औषध बुरशीतील ज्या विकरास रोखते, त्याच्याच जनुकात बदल झाला की औषध निष्प्रभ ठरते. भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० साली जपानी संशोधकांनी अशा बुरशीस 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव दिले. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. नावातच आपला देश यावा, ही भूषणाची गोष्ट नव्हे. मात्र ही बुरशी प्रामुख्याने त्वचेवर, जांघेत व अंगावर पसरते. न बऱ्या होणाऱ्या प्रत्येक नखाचा दोष तिच्यावर टाकता येणार नाही.

विद्रूप झालेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी असते. उरलेल्यांत सोरायसिस, बुटाचा दाब, जुना मार अशी कारणे निघतात. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत कुनख सांगताना अभिघात हेच कारण दिले आहे, याचे विस्मरण आपणांस तरी होऊ नये. शिवाय पायाचे नख महिन्यास जेमतेम एक ते दीड मिलिमीटर वाढते. संपूर्ण नवे नख येण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. टर्बिनाफिनचा पायाच्या नखांसाठीचा क्रम १२ आठवड्यांचा. रुग्ण तीन आठवड्यांत तो सोडतो, तेच जुने बूट पुन्हा घालतो आणि दोष औषधाच्या माथी येतो.

याहून गंभीर बाब ट्यूबांची आहे. गजकर्णासाठी स्टेरॉईड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेले मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. अर्धवट उपचारांच्या अशा वातावरणातच प्रतिकारक बुरशी फोफावते. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉईड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तरीही रुग्णांच्या पिशवीतून अशा ट्यूबा निघतात. काही काउंटरवरून घेतलेल्या, तर काही आपल्याच व्यवसायबंधूंनी लिहून दिलेल्या. या राज्यात नोंदणीकृत वैद्यांस आधुनिक औषधे लिहिण्याची मुभा आहे. मुभेबरोबर जबाबदारीही येते. दोष केवळ औषध विक्रेत्यांवर ढकलणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

दुसरा मोह याच्या उलट आहे. 'तिकडचे औषध हरले, आता आमचे तेल घ्या' असे सांगणे सोपे आहे. परंतु ज्या नखात बुरशी आहे की नाही हेच पाहिलेले नाही, ते बरे झाले तरी आपल्या औषधाने नेमके काय केले, हे कसे सांगणार? पुराव्याविना केलेला दावा शास्त्राचा गौरव करीत नाही.

म्हणून वैद्यबंधूंना आमचे सांगणे इतकेच : उपचारापूर्वी नखाचा खरवडलेला अंश पोटॅशच्या तपासणीसाठी अवश्य पाठवावा, मधुमेह तपासावा, घरातील इतरांच्या अंगावर गजकर्ण आहे का ते पाहावे. पूर्ण क्रमानंतरही बुरशी आढळल्यास कल्चर करून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये. औषधालयांच्या मालकांनी चिठ्ठीविना स्टेरॉईडमिश्रित ट्यूब देऊ नये. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी गेले तरी चालेल. पन्नास-साठ रुपयांच्या विक्रीसाठी उद्याचे औषध आजच बोथट करणे कोणासही परवडणारे नाही.