टीम आपल्या नावाची, मालकी भलत्याचीच! महाराष्ट्रातले एवढे प्रोफेशनल संघ बंद का पडले?

२१ मे २०१७, हैदराबाद. आयपीएलची फायनल. मुंबई इंडियन्सने १२९ धावा केल्या होत्या आणि रायझिंग पुणे सुपरजायंटला शेवटच्या चेंडूवर ४ हव्या होत्या. निघाल्या २. पुणे एका धावेने हरलं.

त्यानंतर हा संघ पुन्हा कधी मैदानात उतरलाच नाही. धोनी, स्मिथ, स्टोक्स खेळलेली, फायनलपर्यंत पोचलेली टीम थेट बंद झाली. घोटाळा नाही, भांडण नाही. करारच दोन वर्षांचा होता.

पुण्याचं हे पहिलंच उदाहरण नव्हतं आणि शेवटचंही ठरलं नाही. गेल्या १५-१६ वर्षांत महाराष्ट्रातले क्रिकेट, फुटबॉल आणि हॉकीचे कितीतरी व्यावसायिक संघ बंद पडले किंवा दुसऱ्या राज्यात गेले.

आता हिंगोलीत बसून पुण्या-मुंबईच्या संघांचं आपल्याला काय, असं वाटू शकतं. पण क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्राचे तीन तुकडे आहेत. मुंबई, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र. आपला जिल्हा या तिसऱ्या तुकड्यात, म्हणजे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो. या असोसिएशनचं मुख्य मैदान पुण्याजवळ गहुंजेला आहे. त्यामुळे वसमत किंवा सेनगावच्या पोरासाठी ‘आपली’ म्हणावी अशी सगळ्यात जवळची आयपीएल टीम पुण्याचीच होती. ती एकदा नाही, दोनदा गेली.

कोणकोणते संघ गेले?

क्रिकेटमध्ये दोन. पुणे वॉरियर्स इंडिया (२०११ ते २०१३) आणि रायझिंग पुणे सुपरजायंट (२०१६ आणि २०१७).

फुटबॉलची यादी मोठी आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड १९६२ पासूनचा क्लब. २००५-०६ मध्ये त्यांनी नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लब बंद झाला. पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये लीगमधून बाहेर पडला. पुण्याचाच भारत एफसी एकच हंगाम खेळला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि मुख्य संघच गुंडाळला गेला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला.

हॉकीत पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मरिन्स, मुंबई मॅजिशियन्स आणि दबंग मुंबई. चौघांपैकी आज एकही नाही.

संघ म्हणजे नेमकं काय असतं?

आपल्याला वाटतं, संघ म्हणजे शहर, खेळाडू आणि चाहते. कागदावर मात्र संघ म्हणजे एक करार असतो. लीग चालवणारी संस्था एखाद्या कंपनीला ठराविक शहराचं नाव वापरून खेळायचा हक्क देते. त्या बदल्यात कंपनी फी भरते, खेळाडूंचे पगार देते, मैदानाचा खर्च उचलते. यालाच फ्रँचायझी म्हणतात.

या करारात शहर कुठेच सही करत नाही. चाहतेही नाहीत. म्हणून करार मोडताना त्यांना कुणी विचारत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं. करार मोडण्याचे चार रस्ते आहेत आणि चारही महाराष्ट्राने पाहिलेत.

रस्ता पहिला: मालकाचा पैसा आटतो

२०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याची टीम ३७ कोटी डॉलरला घेतली. तेव्हाचे साधारण १,७०० कोटी रुपये. त्या वेळी आयपीएलमधली ती सगळ्यात महागडी टीम होती. पण ठरल्यापेक्षा कमी सामने मिळाले म्हणून फी कमी करा, यावरून सहारा आणि बीसीसीआयचं वाजलं. मे २०१३ मध्ये थकलेल्या फीसाठी बीसीसीआयने बँक गॅरंटी वटवली. सहाराने बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षाची गॅरंटी आली नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये बीसीसीआयने करारच रद्द केला.

याच काळात सहारा दुसऱ्या संकटात होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने समूहाच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये परत करायला सांगितलं होतं. छोट्या गावांमध्ये सहारा हे नाव क्रिकेटच्या आधी बचतीच्या एजंटांमुळे माहीत होतं. सहाराच्या सहकारी संस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी केंद्राला जुलै २०२३ मध्ये वेगळं पोर्टल उघडावं लागलं. टीमचं नुकसान चाहत्यांचं झालं, पैशाचं नुकसान ठेवीदारांचं.

एफसी पुणे सिटीचंही असंच झालं. मालक वाधवान समूह, सोबत हृतिक रोशन. २०१७-१८ मध्ये संघ सेमीफायनलला पोचला. पण वाधवान यांची गृहकर्ज देणारी कंपनी डीएचएफएल अडचणीत आली आणि २०१९ मध्ये क्लब बंद पडला. लीगमधल्या त्याच्या जागेवर हैदराबाद एफसी आला आणि २०२२ मध्ये आयएसएल जिंकलाही. गंमत बघा, २०२५ मध्ये तोच हैदराबादचा संघ दिल्लीला गेला. जे पुण्याचं झालं, तेच हैदराबादचं.

रस्ता दुसरा: मालकाचा विचार बदलतो

महिंद्राकडे पैसा नव्हता, असं कुणी म्हणणार नाही. तरी ४८ वर्षांचा क्लब बंद झाला. यापुढे शालेय फुटबॉलवर लक्ष देणार, असं कंपनीने सांगितलं. पुणे एफसी पिरामल समूहाचा, भारत एफसी कल्याणी समूहाचा. हे समूहही बुडालेले नव्हते. पण २०१४ मध्ये आयएसएल आली, टीव्ही आणि जाहिरातदार तिकडे गेले, आय-लीगमध्ये खर्च तेवढाच आणि परतावा कमी. कंपनीच्या बैठकीत हिशेब बसला नाही आणि संघ गेला.

रस्ता तिसरा: लीगच बंद पडते

२०१२ ची वर्ल्ड सिरीज हॉकी आठवते? फायनल मुंबईत झाली, पुणे स्ट्रायकर्स शेर-ए-पंजाबकडून हरले. दुसरा सीझन झालाच नाही. २०१३ ला हॉकी इंडिया लीग आली. त्यात आधी मुंबई मॅजिशियन्स, नंतर दबंग मुंबई. दबंग मुंबई २०१७ ला फायनल खेळली आणि लीग थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण आठ पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

रस्ता चौथा: मुदतच ठरलेली असते

२०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली. तेवढ्या जागा भरायला पुणे आणि राजकोटचे संघ आणले. ते दोघे परतले, हे दोघे गेले. पुण्याचे मालक संजीव गोयंका यांनी २०२१ मध्ये ७,०९० कोटींना नवी टीम घेतली. ती लखनौची.

या पुणे टीमची एक आठवण मराठवाड्याशी जोडलेली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. दुष्काळात मैदानांवर पाणी घालण्यावरून मुंबई हायकोर्टात याचिका गेली आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश आला. पुण्याने आपले उरलेले ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला खेळले. निर्णय योग्य होता की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण संघाचं घर बदलायला दोन आठवडेही लागले नाहीत, हे खरं.

मग प्रेक्षकांचा दोष काय?

‘आपल्याकडे क्रिकेट सोडून कुणी काही बघत नाही’ हे उत्तर नेहमी मिळतं. ते पूर्ण खरं नाही. पुण्याच्या दोन्ही टीम तर क्रिकेटच्याच होत्या.

कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार. पेठांच्या या संघांचे सामने बघायला शाहू स्टेडियम भरतं. टीव्हीचा करार नाही, फिल्मस्टार मालक नाही. तरी हे संघ पिढ्यानपिढ्या टिकलेत, कारण ते पेठेचे आहेत. तालमीचा संघ सुरत किंवा लखनौला हलवता येत नाही.

कबड्डीचं उदाहरण वेगळं. यू मुम्बा आणि पुणेरी पलटण २०१४ पासून टिकून आहेत. २०२४ मध्ये पलटणने विजेतेपदही मिळवलं. खेळ इनडोअर, मोठं मैदान लागत नाही, बहुतेक खेळाडू भारतीय आणि टीव्हीवर लीग चालते, त्यामुळे गणित जमलं. पण २०२५ चा सीझन विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. दोन संघ महाराष्ट्राचे, सामना एकही महाराष्ट्रात नाही.

बाहेरच्या देशात काय करतात?

२००२ मध्ये इंग्लंडमधला विम्बल्डन क्लब दुसऱ्या शहरात न्यायला परवानगी मिळाली. चिडलेल्या चाहत्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, तळाच्या लीगपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचवला. जर्मनीत तर नियमच आहे. काही अपवाद सोडले तर क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहतात. गुंतवणूकदार पैसा लावू शकतो, पण क्लब उचलून नेऊ शकत नाही. आपल्याकडे मोठ्या लीगमध्ये चाहत्यांना असा कुठलाच हक्क नाही.

हिंगोलीच्या खेळाडूसाठी याचा अर्थ काय?

चाहत्याचं फक्त मन दुखतं, तो दुसरी टीम धरतो. खेळाडूचं करिअर अडकतं. पूर्वी एअर इंडिया, ओएनजीसी अशा संघांत खेळणं म्हणजे नोकरी असायची. खेळणं थांबलं तरी पगार चालू. २०१३ मध्ये व्यावसायिक क्लबचे निकष पूर्ण होत नाहीत म्हणून हे दोन्ही संघ आय-लीगमधून बाहेर काढले गेले. नंतर आले ते करारावरचे क्लब. क्लब बंद, करार बंद. छोट्या जिल्ह्यातून, शेती किंवा मजुरी करणाऱ्या घरातून आलेल्या पोराला हा फरक सगळ्यात आधी कळतो.

आता जिल्ह्यांच्या, शहरांच्या नावाने नव्या लीग येत आहेत. २०२३ च्या पहिल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये छत्रपती संभाजी किंग्ज ही मराठवाड्याची टीम होती. पण त्या वर्षी सगळे सामने गहुंजेला झाले. मराठवाड्याच्या माणसाला स्वतःच्या टीमची मॅच बघायची तर रात्रभर प्रवास करून पुण्याला जायचं.

अशा लीग वाईट नाहीत. त्यातून पोरांना टीव्हीवर दिसायची संधी मिळते. पण उद्या हिंगोलीच्या नावाची टीम आलीच, तर जर्सी घेण्याआधी किंवा पोराला ट्रायलला पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. मालक कोण आणि त्याचा मूळ धंदा काय? करार किती वर्षांचा? सामने इथे होणार की फक्त नाव इथलं? आणि टीम गेली तर मागे काय उरणार? मैदान, कोच, अकादमी की नुसता व्हॉट्सॲप ग्रुप?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती टीम आपली नाही. तिने आपलं नाव फक्त भाड्याने घेतलंय.