पुराचे ‘कदाचित’ आणि अणूचे ‘कदाचित’

१/ भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. बौद्ध विचारपरंपरेला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढी दोनच उत्तरे पुरली नाहीत. ‘दोन्ही’ आणि ‘दोन्ही नाही’ धरून तिने चार कोटी मानल्या.

२/ ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलला असाच पेच भविष्याविषयी पडला. ‘उद्या आरमारी युद्ध होईल’ हे विधान आज खरे की खोटे? ते आजच खरे असेल, तर युद्ध अटळ ठरते. मग विचारविनिमय कशासाठी? १९२० मध्ये पोलंडच्या लुकासेविच यांनी अशा विधानांसाठी तिसरे मूल्य मांडले.

३/ पुंजभौतिकीने हा पेच अधिक गहिरा केला. सिद्धान्त केवळ संभाव्यता सांगतो, असे माक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये प्रतिपादले. एखादा किरणोत्सारी अणू नेमका केव्हा विघटित होईल, याचे उत्तर त्यात नाही. १९३६ मध्ये बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांनी पुंजविश्वासाठी वेगळे तर्कशास्त्रच मांडले. उत्तर आत कुठेतरी दडलेले आहे, आपल्यालाच ते ठाऊक नाही, ही आशाही बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयाने आणि पुढील प्रयोगांनी बरीच क्षीण केली.

४/ म्हणून चतुष्कोटीत पुंजभौतिकी आधीच होती, असा दावा मी करणार नाही. तिचा प्रश्न दुःखमुक्तीचा होता, मापनाचा नव्हे. मला इथे महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की सगळी ‘कदाचित’ एका जातीची नसतात.

५/ ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरले. नदीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशातले संजय सरोवर, खालच्या अंगाला गोसीखुर्द. धरणातून पाणी किती सुटले, अंतर किती, पोचायला वेळ किती, हे मोजता येते. पावसाचा अंदाज चुकू शकतो. पण तो चुकतो आपल्या अपुऱ्या माहितीमुळे, आणि माहिती वाढवता येते.

६/ म्हणूनच ‘निसर्गापुढे कुणाचे चालते?’ हे उत्तर मला मान्य नाही. अणूविषयी ते कदाचित तत्त्वज्ञान ठरेल; पुराविषयी ती पळवाट आहे. उद्या अजून ठरलेला नाही, म्हणूनच आज विचारविनिमयाला अर्थ आहे. पाणी गावात पोचण्याआधी निरोप पोचला पाहिजे.