घरगुती उपाय आणि त्यांची मापे



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट. सहाव्या इयत्तेतील एक विद्यार्थिनी एका हाताने डोळ्यांवर ओला रुमाल दाबून व दुसऱ्या हाताने आजीचा पदर धरून माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली. तिचे आईवडील आठ दिवसांपूर्वीच ऊसतोडीस निघून गेले होते. दवाखाना कोठे आहे हे त्या वृद्ध बाईस ठाऊक नव्हते. मास्तर मात्र ठाऊक होते.

हकीकत अशी. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. आजीने सीताफळाच्या बिया वाळवून कुटल्या, ती पूड तेलात कालवून केसांस चोळली आणि डोके फडक्याने बांधून मुलीस निजविले. रात्री फडके सुटले, पूड डोळ्यांत गेली, आणि पहाटे ती मुलगी किंचाळत उठली. आजीने डोळ्यांत तूप घातले. शेजारणीने आणखी काही सुचविले. या सर्व प्रकारात चार-पाच तास गेले. आम्ही तिला तडक नेत्रवैद्यांकडे नेले. त्यांनी डोळे पुष्कळ पाण्याने धुतले, बुबुळावरील पातळ पडदा सोलवटला असल्याचे सांगितले व औषध घातले. आठवड्याभरात मुलगी पूर्ववत् पाहू लागली, ही ईश्वरकृपा.

परंतु मी हे लिहितो आहे ते त्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर आजी जे बोलली त्याकरिता. ती म्हणाली, "मास्तर, तुम्हीच पोरीला सांगितलं व्हतं ना, झाडपाला कधी बाधत नाही म्हणून?"

होय, मी सांगितले होते. सुटीपूर्वी आरोग्यावर बोलताना, विलायती गोळ्यांच्या नादास लागू नका, निसर्गाने दिलेले औषध निरुपद्रवी असते, असे वाक्य मी मोठ्या आवेशाने उच्चारले होते. ऐकावयास ते गोड वाटते. खरे मात्र ते नाही, आणि आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्या मनुष्याने तर ते कधीच उच्चारू नये. बालाघाटच्या डोंगरउतारावर वाढणारे आपले सीताफळ इतके नामांकित आहे की 2016 साली त्यास 'बीड सीताफळ' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा गर अमृतासारखा. पण त्याच फळाची बी कीटकनाशक आहे, म्हणूनच तर तिने उवा मरतात! जे द्रव्य उवेस मारते ते डोळ्यास ओळखून सोडून देईल, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो? अख्खी बी चुकून गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते. कुटली म्हणजे तिच्यातील विष मोकळे होते.

बिब्ब्याचीही तीच कथा. परटाने कपड्यावर न पुसणारी खूण करावी ती याच फळाच्या रसाने. त्या रसाने कातडी भाजते. आयुर्वेदातही बिब्बा शुद्ध केल्यावाचून वापरू नये असा दंडक आहे. आणि आपल्याकडे तो तान्ह्या मुलाच्या पोटावर, दुखणे जावे म्हणून, उमटविला जातो. दुखणे जात नाही. काळा डाग मात्र जन्मभर राहतो, आणि पुष्कळदा त्या भाजण्याचीच जखम चिघळते. नवजात बालकाच्या जिभेस मध लावण्याची चाल तर सुशिक्षित घरांतूनही आहे. एक वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच देऊ नये. त्यात क्वचित् असे जंतुबीज असते की मोठ्या माणसाच्या आतड्यात ते निष्प्रभ ठरते, पण तान्ह्या मुलास त्यापासून अर्धांगासारखा भयंकर विकार जडू शकतो. त्याच मधाचा एक चमचा चार-पाच वर्षांच्या मुलाच्या खोकल्यास रात्री चांगला उतार देतो. वस्तू एकच, वय निराळे.

यावरून कोणी असे समजू नये की मी आजीबाईच्या बटव्यास हसावयास निघालो आहे. ती चूक याहून मोठी होईल. गेल्या शतकातील सर्वांत उपकारक औषधांपैकी एक औषध स्वयंपाकघरातच सापडेल असे आहे. 1971 साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ उसळली. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस हे काम करीत होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, रोगी जमिनीवर ओळीने पडलेले. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातलगांच्याच हाती पेले दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. यात जादू नाही. आतड्यात साखर शोषली जाताना ती मिठास बरोबर नेते, व त्या दोहोंच्या मागे पाणी जाते. नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही. नुसते मीठ तर अपायच करते.

आता या उपायाचे मर्म कशात आहे ते पाहा. ते मापात आहे. एक लिटर उकळून निवविलेले पाणी, सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ. चमचे सपाट, शीग न लावलेले. चाखून पाहिल्यास ते अश्रूंहून अधिक खारट लागता कामा नये. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. मूल अंगावर पीत असेल तर ते बंद करू नये. आणि डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले, अथवा मूल पिण्याइतकेही सावध राहिले नाही, तर तांब्या खाली ठेवून दवाखान्याची वाट धरावी. मिठाची मूठ भरून घालणारी माऊली प्रेमळच असते, परंतु तिच्या प्रेमाने मुलाचे रक्त खारट होते.

हे माप खेड्यातल्या निरक्षर स्त्रीस शिकविता येईल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी फार दूर जावयास नको. आपल्या पाटोदा व आष्टी तालुक्यांच्या सीमेलगत जामखेड आहे. तेथे 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. वेल्लोरला शिकलेली, अमेरिकेत जाऊन आलेली ही माणसे. पण आपले ज्ञान त्यांनी कोणाच्या हाती दिले? गावोगावच्या सामान्य स्त्रियांच्या. त्यांपैकी कित्येकींस अक्षरओळख नव्हती, कित्येकी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतील होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत व गावी जाऊन बायाबापड्यांस शिकवीत: हगवणीवर मीठसाखरेचे पाणी, बाळंतिणीची स्वच्छता, सांडपाण्यास शोषखड्डा. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मला स्वतःला त्याहून अधिक मोलाचे वाटते ते हे की त्या स्त्रियांना कोणता उपाय घरी करावा याबरोबरच कोणत्या क्षणी घर सोडावे हेही शिकविले गेले. आमच्या त्या आजीस पहिली गोष्ट कोणीतरी शिकविली होती. दुसरी कोणी शिकविली नाही, मीही नाही.

नित्याच्या सवयींविषयी थोडे लिहितो, कारण लवकर उठावे, दात घासावे इत्यादी उपदेश तुम्ही पुष्कळ ऐकला आहे. आपल्या जिल्ह्यास लागू अशी एकच गोष्ट घेतो. आपल्याकडे पाणी दुर्मीळ. नळास कित्येक दिवसांनी येते, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून आपण ते रांजणात, पिंपात, हौदात साठवितो. साठवावेच लागते. परंतु त्या रांजणात सबंध हात बुडवून तांब्या भरला की हाताची घाण सर्व घरास पाजली जाते. लांब दांड्याचे ओगराळे घरोघर असे. आज ते अडगळीत पडले आहे. ते पुन्हा खुंटीस लावा. तसेच डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशा साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळून भांडी रिकामी करून घासली, तर डास जन्मास येण्यापूर्वीच मरतो. ज्या हौदाचे पाणी ओतून देणे परवडत नाही त्यावर दाट कापड ताणून बांधावे. उवांसाठीही विष नकोच. केस ओले करून, तेल लावून, बारीक फणीने दर तीन दिवसांनी दोन आठवडे विंचरावे. लिखा फुटण्यास सात-आठ दिवस लागतात. एकदाच विंचरून जो थांबतो त्याचे श्रम वाया जातात.

हे सर्व मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, फडात पाणी उकळायचं कशावर?"

या प्रश्नाचे पुरे उत्तर मजपाशी नव्हते, व आजही नाही. पालात राहणाऱ्या, पहाटे तीनला गाडी भरण्यास उठणाऱ्या माणसास आरोग्याच्या सवयी सांगणे सोपे आहे. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच खर्च झालेली. एक दिवस आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. अशा स्थितीत मनुष्य आज दुखणे थांबवील तो उपाय धरतो, मग तो झाडपाला असो, दुकानातील गोळी असो, की शस्त्रक्रिया. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 साली राज्य सरकारला करावी लागली, हे आपण विसरलो नसू. तेव्हा घातक तेवढे गावठी व हितकर तेवढे दवाखान्यातले, असेही नाही. दोन्हीकडे विचारावयाचा प्रश्न एकच: हे कशासाठी, किती, आणि याने गुण न आल्यास पुढे काय?

त्या मुलाचा प्रश्न मात्र आम्ही शिक्षकांनी सोडून दिला नाही. यंदा दसऱ्यापूर्वी, टोळ्या निघण्याच्या आधी, ज्या पालकांस फडावर जावयाचे आहे त्यांनी शाळेच्या कचेरीत यावे. जलसंजीवनीच्या दहा पुड्या, पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनचे द्रावण व लिटरची खूण केलेली एक बाटली त्यांना दिली जाईल. वापरण्याची रीत सातवीची मुले करून दाखवितील. मूल्य काही नाही. गावी राहणाऱ्या आजीआजोबांनीही अवश्य यावे; त्यांच्याकरिता नेत्रवैद्यांचा व रुग्णवाहिकेचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा तयार ठेवला आहे. गेल्या वर्षीच्या त्या आजीने आपला पुठ्ठा आधीच नेला असून चुलीच्या वरच्या भिंतीस खिळ्याने ठोकला आहे, असे तिची नात सांगते.