विद्येच्या पंगतीतील पंक्तिप्रपंच

गाणगापुरात मराठी आणि कानडी भाविक एकाच रांगेत उभे राहतात. माणिकनगरच्या श्रीमाणिकप्रभूंनी मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. देवापुढे भाषेचे सोवळे चालत नाही, हा बीदर-कलबुर्गी भूमीचा जुना संस्कार आहे. मग याच भूमीतील विद्यापीठांत ते का चालावे?

१९८० साली गुलबर्गा विद्यापीठ स्थापन झाले. २००९ च्या कायद्याने निघालेले केंद्रीय विद्यापीठ आज आळंद तालुक्यात कडगंचीस उभे आहे. राखीव जागांमुळे तांड्यावरील लमाण मुलेमुली तेथवर पोहोचली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दार उघडणे निराळे आणि आत मानाने बसवून घेणे निराळे. घरी गोरबोली, शाळेत कानडी वा मराठी, विद्यापीठात इंग्रजी, अशा पायऱ्या चढून आलेला विद्यार्थी क्षणभर अडखळला, की त्यास मंदबुद्धी ठरविणारे महाभाग आजही आढळतात. सरकारी कागदांनाही त्याची ओळख एकसारखी पटलेली नाही. हाच समाज कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती!

तो रिकाम्या हाताने येतो काय? त्याच्या पूर्वजांच्या बैलतांड्यांनी शतकानुशतके दख्खनच्या बाजारांना आणि फौजांना धान्य व मीठ पुरविले. त्याच व्यापाराचा इतिहास वर्गात शिकविताना आजीची गाणी, जुन्या वाटांच्या आठवणी, नायकाच्या पंचायतीचा न्याय यांविषयी त्या मुलास कोणी विचारीत नाही. यास अध्यापन म्हणावे की ज्ञानाची उधळपट्टी?

‘त्या बोलीस स्वतःची लिपी नाही, ग्रंथसंपदा नाही’, असे कोणी म्हणतील. ‘नुसती बोली’ हा शेरा कोंकणीनेही पुष्कळ ऐकला. तिला १९७५ साली साहित्य अकादमीने मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. सीमाभागातील मराठी मुलांसाठी घटनेच्या ३५०-अ कलमाचा आधार घेणारे आम्ही लमाण मुलाच्या वेळी गप्प बसलो, तर आमची मागणी न्यायाची न राहता केवळ स्वार्थाची ठरेल.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी चर्चा आणि तोंडी परीक्षा यांत गोरबोलीची मुभा असावी. तांड्यावरील जाणत्या वृद्धांना मानधन देऊन वर्गात बोलवावे. प्राध्यापकांनी तांड्यावर जाऊन ती बोली कानी घालून घ्यावी. मंदिर-संस्थांनीही आपल्या वसतिगृहांत व ग्रंथालयांत या मुलांना जागा द्यावी. प्रसादाची पंगत एक असावी असे सांगणाऱ्यांनी विद्येच्या पंगतीत पंक्तिप्रपंच खपवून घेऊ नये.