नकोसे आवाज आणि लॉकआउटची कळ

पोलीस, अग्निशामक दल, रेल्वे यांचे जे बिनतारी संभाषण सांकेतिक केलेले नाही, ते घरबसल्या ऐकण्याचा छंद अमेरिकेत अनेकांना आहे. त्यासाठीचा प्रोग्रॅमेबल स्कॅनर एकामागून एक वाहिन्या चाळतो आणि प्रक्षेपण सापडले की थांबतो. ते ऐकण्याजोगे आहे की नाही, हे त्याला कळत नाही. तेथील हवामानखात्याची केंद्रे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चोवीस तास बोलत असतात. अशी वाहिनी यादीत राहिली तर स्कॅनर तिथेच अडकून पडतो. म्हणून लॉकआउटची कळ. (वर्गात आमच्यासाठी अशी कळ विद्यार्थ्यांच्या हाती नाही, हे आमचे भाग्य!)

बऱ्याच स्कॅनरांत ही कळ एकदा दाबली की वाहिनी तात्पुरती वगळली जाते, यंत्र बंद करून चालू केले की परतते. दोनदा दाबली तर आपण होऊन उघडीपर्यंत ती मिटलेलीच. आमचा आक्षेप आहे तो या दुसऱ्यांदा दाबण्याच्या सवयीला. लॉकआउटमुळे एखादे संभाषण गळत नाही, अख्खी वाहिनी गळते. दुपारच्या खरखरीला कंटाळून मिटलेल्या वाहिनीवर रात्री आगीची वर्दी आली, तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. एका फसलेल्या कथेपायी लेखकाचे नाव कायमचे वगळणारे वाचक आम्ही पाहिले आहेत. त्यांत आम्हीही आलोच.

त्यापेक्षा सूक्ष्म उपाय म्हणजे सीटीसीएसएस. आवाजाखाली साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधला एक मंद स्वर सतत पाठवला जातो. ठरलेला स्वर असेल तरच ग्राहकयंत्र तोंड उघडते. एकाच वारंवारतेवरच्या दोन गटांना त्यामुळे एकमेकांची बडबड ऐकू येत नाही. मात्र दुसरा गट हवेत असतोच, आणि न ऐकता बोलू लागले तर दोघांचेही बोलणे बिघडते. म्हणून गाड्यांतील अनेक बिनतारी संचांत एक सोय असते: मायक्रोफोन खुंटीवरून उचलला की ही गाळणी आपोआप उघडते. आधी सगळ्यांचे ऐकायचे, मग बोलायचे.

स्कॅनरवाल्याला बोलायचेच नसते. त्यामुळे त्याच्या यंत्राला खुंटी नाही, आणि मिटलेल्या वाहिन्या अधूनमधून उघडून पाहण्याचे काम त्याच्याच बोटांवर येते.