दुर्गची फॉरवर्ड, सबा अंजुम

भिलाई म्हटले की आठवतो तो पोलाद कारखाना. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तिथे पोटापाण्यासाठी येऊन राहिली. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसले, की आधी राजनांदगाव, मग दुर्ग आणि लगेच भिलाई लागते. यांपैकी राजनांदगाव हॉकीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. दुर्ग तर भिलाईला इतके खेटून आहे, की लोक 'दुर्ग-भिलाई' असे एका दमात म्हणतात. याच दुर्गमध्ये १२ जून १९८५ रोजी सबा अंजुमचा जन्म झाला.

साध्या घरातली ही मुलगी हॉकीत आघाडीच्या फळीत, म्हणजे फॉरवर्ड म्हणून खेळली. फॉरवर्डचे नशीब मोठे विचित्र. गोल झाला तर टाळ्या, हुकला तर बोल! आणि सहकारणीसाठी वाट मोकळी करून देण्यात जो दम खर्ची पडतो, त्याची नोंद धावफलकावर कधीच होत नाही.

२००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय मुली उतरल्या, तेव्हा सबा अवघी १७ वर्षांची होती. अंतिम सामना यजमान इंग्लंडशी. जादा वेळेत ममता खरबने 'गोल्डन गोल' केला आणि भारताने ३-२ अशा फरकाने सुवर्णपदक जिंकले. पुढे २००४ साली आशिया चषक, २००६ साली मेलबर्नचे राष्ट्रकुल रौप्य आणि त्याच वर्षी दोहा आशियाई स्पर्धेचे कांस्य! 'चक दे! इंडिया' हा २००७ चा चित्रपट मँचेस्टरच्याच विजयावरून सुचलेला. पडद्यावरच्या मुलींची नावे घराघरांत पोहोचली. पण मैदानावरच्या मुलींची नावे किती जणांना सांगता येतील?

एक गोष्ट मात्र सबाच्या वाट्याला आली नाही, ती म्हणजे ऑलिंपिक. १९८० च्या मॉस्कोनंतर भारतीय महिला हॉकी संघ थेट २०१६ साली रिओला पोहोचला. मधल्या ३६ वर्षांत किती उमेदी झिजल्या असतील! सबाची सारी कारकीर्द त्याच काळात सरली.

सन्मान आले, पण उशिरा. मँचेस्टरनंतर ११ वर्षांनी, २०१३ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१५ साली पद्मश्री. छत्तीसगड पोलिसांत उपअधीक्षकपदही मिळाले.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुली चौथ्या आल्या, तेव्हा सारा देश दूरदर्शन संचासमोर खिळून बसला होता. त्या यशाची वाट सबाच्या पिढीने तुडवून ठेवली होती. तेव्हा आपल्या घरातली एखादी मुलगी उद्या हातात स्टिक घेऊन दारात उभी राहिली, तर 'यात पुढे काय मिळणार?' असे विचारण्याआधी दुर्गच्या या मुलीची आठवण जरूर काढावी.